रावजी परबांच्या दातांची शपथ

त्या संध्याकाळी दवाखान्यात कोण कोण होतं ते आधी सांगते, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको की म्हातारी मनचं सांगते. खुर्चीत रावजी परब, डिलाईल रोडचे, सभेत घोषणा देणारे. खुर्चीमागे डॉक्टर विजयकर, बाह्या दुमडून. दारात दळवी मास्तर, परबांच्या चाळ कमिटीचे चिटणीस, हातात पेढ्यांचा पुडा. आतल्या खोलीत सदा मेस्त्री, कवळ्या बनवणारा. हात आत, कान बाहेर. बाकावर परबांची बायको चंद्रावती, तोंडावर पदर. आणि चूळ टाकायचं तस्त धरून मी, लक्ष्मी तावडे. त्यातली आता मी एकटीच आहे. तोंडात दात नाहीत, त्यामुळे बोलताना वारा सुटतो. नात लिहून घेतेय, ती तेवढा वारा गाळतेय.

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाची पोरं घरी आली. म्हणाली, आजी, तुम्ही संयुक्त महाराष्ट्राच्या वेळच्या, काहीतरी सांगा. मी म्हटलं, बाबांनो, मी तेव्हा लालबागला दाताच्या दवाखान्यात कामाला. मोर्चे रस्त्यावरून जायचे तेव्हा मी खिडकी लावून घ्यायचे, उकळलेल्या अवजारांवर धूळ नको म्हणून. चळवळ माझ्याकडे यायची ती आ करून. पोरं म्हणाली, तेच सांगा.

तर माझा नवरा गिरणीत कार्डिंगला, कापूस पिंजायच्या खात्यात होता. उजव्या हाताची बोटं यंत्राच्या पट्ट्यात गेली. गिरणीनं हात परत दिला, बोटं ठेवून घेतली. घरात सासू, दोन पोरं आणि हा हात पोटाशी धरून बसलेला माणूस. रडायला बसले असते तर रेशनची रांग पुढे गेली असती. शाळा म्हणाल तर गावी दुसरीपर्यंत, तीही शेतात काम नसेल तेव्हा. असल्या बाईला काम कोण देणार? पण डॉक्टर विजयकरांना बाईच हवी होती. ते गिरगावचे, मुंबईतल्या जुन्या घराण्यातले, आजा सॉलिसिटर. गिरगाव सोडून लालबागला दवाखाना का काढला ते त्यांच्या घरच्यांनासुद्धा कळलं नव्हतं. इथे आल्यावर त्यांना कळलं की गिरणगावातल्या बाया परक्या पुरुषासमोर तोंड उघडत नाहीत. भांडायला उघडतात, दाखवायला नाही. म्हणून मी.

काम असं. अवजारं स्टोव्हवर उकळायची, तस्त धरायचं, माणूस हलायला लागला की डोकं धरायचं. आणि काढलेला दात धुऊन तबकात घालून माणसाला दाखवायचा. आमच्या लोकांना आपला दात परत हवा असायचा. कुणी कागदात बांधून न्यायचा आणि चाळीच्या कौलांवर टाकायचा, कुणी गावी नेऊन पुरायचा. दुसऱ्याच्या घरात आपलं हाड राहू नये म्हणून. मग ते दात धुवायचं काम माझं. दात धुता धुता मी जे पाहिलं ते आधी सांगते, नाहीतर परबांचं काही कळायचं नाही.

तुम्हाला दिसतो तो दात निम्मा. उरलेला निम्मा हिरडीच्या खाली, हाडात. ते मूळ. आमच्या गावी कुडाच्या घराला खांब पुरतात, तसा. खांबाला माती धरते, दाताला हाड धरतं. पण मधे आणखी एक गंमत असते. डॉक्टर सांगायचे की मुळाला एक पातळ साल असते, कांद्याच्या पापुद्र्यासारखी, आणि त्या सालीतून बारीक बारीक दोरे निघून हाडात शिवलेले असतात. मला ते खोटं वाटायचं. दाताला कसला शिवणार? मग एकदा मोर्च्यातला एक तरुण तोंडावर रुमाल दाबून आला. लाठी बसली होती. दात रुमालातच होता. मी धुतला. मूळ पिवळसर पांढरं, गुळगुळीत, हस्तिदंती फणीसारखं, आणि त्याला सगळीकडे गुलाबी धागे. खरंच धागे. पाण्याखाली धरला तरी सुटेनात. डॉक्टर म्हणाले, "तावडेबाई, नीट बघून घ्या. निरोगी मूळ सहसा बघायला मिळत नाही. ते आपणहून बाहेर येत नाही, त्याला पोलीस लागतात." त्या तरुणानं दात नेला नाही. म्हणाला, राहू दे, घरी नेला तर आई बघेल. डॉक्टरांनी तो बाटलीत ठेवला.

बाटलीत दुसरा दात होता तो हिरडीच्या रोगानं गेलेल्या एका माणसाचा. वरून पाहिलं तर कीड नाही, काही नाही, पांढरा शुभ्र. खाली मात्र नागडा. एक धागा नाही. अगदी टोकाला तेवढं चिमूटभर गुलाबी, तेवढ्यावर तो तग धरून होता. बाकी सगळ्या मुळावर काळी-हिरवी खपली, विहिरीच्या पायरीवर शेवाळ वाळून दगड व्हावा तशी. डॉक्टर ती खपली खरवडून दाखवायचे. खाली मुळाची साल काळवंडलेली, आणि सुई टोचली तर रुतायची. चांगल्या मुळात सुई रुतत नाही, घसरते. मी विचारलं, दगडाखाली हे ओल्या खडूसारखं काय? ते म्हणाले, हिरडी सुटली की फटीत घाण साठते, पू होतो, मूळ रात्रंदिवस त्यात भिजत राहतं. कुठे त्यातला चुना निघून जातो आणि ते मऊ होतं. कुठे उलटं, थुंकीतला चुना त्यात मुरतो आणि ते नको तितकं टणक होतं. एकाच मुळावर एक जागा खडू, एक जागा फरशी. आणि सगळ्या सालीत विष मुरलेलं. अशा मुळाला हिरडी पुन्हा धरत नाही, धागा पुन्हा शिवला जात नाही. म्हणून दगड काढायचा, वर ती खराब साल तासून मूळ गुळगुळीत करायचं. मग हिरडी निदान बिलगून तरी बसते. हाड गेलं ते गेलं. ते परत येत नाही.

हे सगळं आमच्या लोकांना पटवायचं म्हणजे! लालबाग-परळला एक समजूत पक्की होती की दातावरचा दगड हाच दात धरून ठेवतो. दगड काढला की दात पडतो. त्याला कारणही होतं. ज्याचं हाड गेलंय त्याचा दात दगडाच्या आधारानं उभा असायचा. दगड काढला की फटी दिसायच्या, पाणी झोंबायचं, दात हलतोय हे कळायचं. म्हणजे डॉक्टरनं हलवला. एक मुकादम होते. त्यांनी अर्धंच तोंड साफ करून घेतलं. म्हणाले, ही बाजू टिकली तर दुसऱ्या बाजूसाठी येतो. पुढे कित्येक महिने अर्धं तोंड गोरं आणि अर्धं काळं घेऊन खात्यात फिरत होते. आणि गिरगावची माणसं शहाणी असं समजू नका. डॉक्टरांच्या एक लांबच्या मामी गाडीतून यायच्या. ब्रश लावला की रक्त येतं म्हणून त्यांनी ब्रश लावणंच सोडलं होतं. इंग्रजीत सोडलं होतं, एवढाच फरक.

आणि आमच्या बाया. त्यांना मशेरी. तंबाखू तव्यावर भाजून, चुरून, सकाळ-दुपार-संध्याकाळ दातांवर घासायची. माझी सासू चुलीपुढे बसून घासायची तेव्हा तिला यमराजानं हाक मारली असती तरी थांब म्हणाली असती. मशेरीनं हिरडी खाली सरकते, मुळं उघडी पडतात, पण रक्त येत नाही. तंबाखू रक्त दाबून टाकतो. डॉक्टर म्हणायचे, हा चोर कुत्र्याला आधी मारतो, मग घरात शिरतो.

आता रावजी परब. उंच माणूस, आवाज असा की नाक्यावर बोलले तर गिरणीच्या फाटकावर ऐकू यायचं. आणि दात. हसले की पुढचे दात असे दिसायचे की फोटोवाल्यानं काचेत लावावेत. ते दवाखान्यात आले ते पुढचा एक दात जरा बाहेर आला म्हणून. घोषणा देताना ओठाला लागतो म्हणाले. बरोबर बायको होती. बाई आपली बाकाच्या टोकाला बसली, पदर नाकापर्यंत.

डॉक्टरांनी बारीक सळई हिरडीच्या कडेनं आत सरकवली. ती जातच राहिली. परबांना दुखलं नाही, म्हणून त्यांना वाटलं सगळं ठीक आहे. डॉक्टर म्हणाले, "परब, वरून मोती आहेत, खाली मुळं उघडी. हे पुढचे दोन काढावे लागतील. बाकीचे तासून घेऊ, टिकतील." मग त्यांनी बाटली आणून दोन्ही दात दाखवले. लाठीवाला दात पाहून परब खुर्चीत सरळ बसले. म्हणाले, हा निघत नव्हता? डॉक्टर म्हणाले, नाही, मूळ हाडात शिवलेलं होतं, ओढणाऱ्याचा हात मोडेल पण हा हलायचा नाही. परब म्हणाले, उद्या सभा आहे, ती होऊन जाऊ दे, मग येतो.

तेव्हा मुंबई वेगळी काढायचं चाललं होतं. सभेला मीही गेले, बायकांत बसले. परब उभे राहिले आणि म्हणाले, मुंबई हा महाराष्ट्राच्या जबड्यातला दात आहे, त्याचं मूळ आपल्या हाडात शिवलेलं आहे, ओढणाऱ्याचा हात मोडेल. टाळ्या अशा पडल्या की माझ्या मांडीवरचं पोर दचकून उठलं. तिथे थांबले असते तर त्यांचंही भलं झालं असतं आणि मला आज काही सांगायला उरलं नसतं. पण टाळ्या पडल्यावर माणूस थांबतो कशाला? परबांनी ओठ मागे ओढून सगळ्यांना दात दाखवले आणि म्हणाले, "जोवर मुंबईसह महाराष्ट्र होत नाही, तोवर ह्या रावजी परबाच्या तोंडातला एक दात कुणी काढून दाखवावा."

दुसऱ्या दिवशी ते आले ते तोंड पाडून. मागे दळवी मास्तर. मास्तर म्युनिसिपालिटीच्या शाळेत भूगोल शिकवायचे, त्यामुळे सीमाप्रश्नावर त्यांचा शब्द शेवटचा असायचा. डॉक्टर हात धूत म्हणाले, "परब, उपमा माझी होती, आणि ती त्या पोराच्या दाताची होती. तुमच्या नाही."

मास्तर म्हणाले, "डॉक्टर, आता परबांचं तोंड त्यांचं एकट्याचं राहिलं नाही. ते सार्वजनिक झालंय."

"मग सार्वजनिक संडासासारखं निदान धुऊन तरी घ्या," डॉक्टर म्हणाले. दात काढू नका, पण दगड तरी काढू द्या. मास्तरांनी मान हलवली. दगड काढला आणि दात पडला तर लोक काय म्हणतील? विरोधक काय म्हणतील? मग डॉक्टरांनी आणि सदा मेस्त्रीनं मिळून बारीक तारेनं ते हलणारे दात शेजारच्या दातांना बांधून दिले. तार मागच्या बाजूनं, सभेत दिसू नये अशी. डॉक्टर म्हणाले, "आता दात दगडाला धरून आहे आणि दगड दाताला. हाड केव्हाच निघून गेलंय, त्याला कुणी कळवलं नाही म्हणून हे दोघं उभे आहेत."

पुढे गोळीबार झाले. कर्फ्यू लागला, दवाखाना बंद राहिला. आमच्या चाळीतला एक माणूस दूध आणायला गेला तो घरी आला नाही. त्याच्याबद्दल मी इथे काही सांगत नाही. हा अंक हसायचा आहे, आणि त्याची बायको माझी मैत्रीण होती.

दवाखाना उघडला तेव्हा परब पुन्हा येऊ लागले. तार घट्ट करायला. महिन्या-दोन महिन्यांनी यायचे, तार घट्ट व्हायची, हिरडी सुजायची, पू यायचा, मी मिठाच्या गरम पाण्याच्या चुळा द्यायचे. सभेत आता ते पहिल्या रांगेपासून जरा लांब उभे राहायचे. लोक म्हणायचे, परब मोठे झाले, लांब राहतात. खरं कारण तोंडाचा वास, तो मला माहीत होता. तस्त माझ्या हातात असायचं.

बायको दर वेळेला बरोबर. दर वेळेला तीच बाकाची जागा. माझी ती गाववाली निघाली, शेजारच्याच वाडीतली, म्हणून मी तिला आत बोलवून चहा द्यायचे. बरोबर बेकरीतलं कडक बटर. ती बटर चहात बुडवायची, आणि बुडवून ठेवायची. ते पार विरघळून तळाला जायचं, मग बशी ओठाला लावून प्यायची. एकदा, दोनदा मी गप्प राहिले. मग म्हटलं, वयनी, खिडकीपाशी ये आणि आ कर.

ती नको नको म्हणाली. "माका काय होऊक नाय. रगत येत नाय, मगे कसलो रोग?"

मी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे केलं. खालचे दात असे लांब दिसत होते, शेतात गवत कापल्यावर धस राहतात तसे. हिरडी पार खाली गेलेली, मुळं अर्धी बाहेर, काळी. बोट लावलं तर एकापाठोपाठ एक हलले. रक्ताचा थेंब नाही. मशेरीनं काम चोख केलं होतं. मी विचारलं, दुखतं? ती म्हणाली, दुखतं, पण आवाज नसलेलं. मी विचारलं, घरी सांगितलंस? तेव्हा ती म्हणाली, "आधी ह्यांचा होऊंदे."

मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी तिला खुर्चीत बसवून पाहिलं, आणि त्यांचा चेहरा असा झाला की मी अवजारं पुसायला लागले. खालचे काही आजच काढले तर बाकीचं हाड वाचेल, म्हणाले. उशीर केला तर हाड इतकं जाईल की पुढे कवळीसुद्धा बसणार नाही. कवळीला बसायला हाडाचा बांध लागतो, सपाट जागेवर ती घसरते. हे त्यांनी परबांना बोलावून नीट समजावून सांगितलं. परब माणूस वाईट नव्हता. त्यांना वाईट वाटलं. पण ते म्हणाले, मास्तरांना विचारतो.

आणि खरंच कमिटीपुढे गेलं. दाताचा प्रश्न, तोही दुसऱ्याच्या बायकोच्या. सदा मेस्त्री त्याच चाळीतला, त्यानं येऊन सांगितलं. एक जण म्हणाला, शपथ परबांच्या तोंडाची आहे, वयनीच्या नाही. दुसरा म्हणाला, बायको अर्धांगिनी, म्हणजे निम्मे दात परबांचेच. मास्तरांनी निकाल दिला की कायद्यानं हरकत नाही, पण काळ नाजूक आहे, परबांच्या घरातून दात बाहेर पडले एवढंच लोकांच्या कानावर जाईल, कुणाचे ते जाणार नाही. तेव्हा थोडी कळ काढावी. कळ कुणी काढावी ते ठरवायची गरज पडली नाही, ती काढतच होती.

मी तिला म्हटलं, काढायचे नाहीत तर नाहीत, तासून तरी घे, दुपारी ये, कोण नसतं. आली. डॉक्टरांनी वरच्या दातांचा दगड काढला, मुळं तासली. मी डोकं धरलं होतं, तिनं ते तसूभर हलवलं नाही. घरी जाताना चाळीच्या जिन्यात मास्तरांची बायको भेटली, तिला कळलं म्हणजे मास्तरांना कळलं. झालं. परत एकटी आली नाही. आली ती परबांबरोबर, बाकाच्या टोकाला. चहा देताना मी बटर द्यायचं बंद केलं. रव्याची खीर डब्यातून आणायला लागले.

मधे परबांचा एक दात पडला. काढला नाही कुणी, घरी पेरू खाताना तारेतून निसटून पेरूतच राहिला. चाळीत हाहाकार. पुन्हा कमिटी. मास्तर म्हणाले, काढणं वेगळं आणि पडणं वेगळं, शपथ काढण्याबद्दल होती. सदा मेस्त्रीनं त्याच रात्रीत खोटा दात करून बसवला, आणि खरा दात कागदात बांधून मास्तरांच्या कपाटात गेला. निवडणूक आली, गेली. मोर्चे आले, गेले. कुणी म्हणायचं आता होणार, कुणी म्हणायचं होत नाही. लोक भाषणं ऐकायचे. मी परबांचा वरचा ओठ बघायचे, खालून किती दात उरले असतील ते मोजत.

मग एक दिवस झालं. मुंबईसह झालं. रस्त्यात गुलाल, दारात तोरणं, आमच्या चाळीत म्हातारे एकमेकांच्या गळ्यात पडून रडले. माझा नवरा बोटं नसलेला हात वर करून नाचला. त्या संध्याकाळी परब आले. मघाशी पहिल्यांदा नावं सांगितली ती सगळी माणसं तेव्हा होती.

परब खुर्चीत बसले आणि मोठ्या आवाजात म्हणाले, "डॉक्टर, काढा." मास्तरांनी दारातून टाळी वाजवली. डॉक्टरांनी सुई तयार केली, पकड घेतली. मग पकड ठेवून दिली. तार सोडली आणि दोन बोटांनी एकेक दात उचलला, झाडावरचं पिकलेलं बोर उचलावं तसा. तेवढ्यासाठी इतकी वर्षं. मी धुऊन तबकात ठेवले. मुळं काळी, खरबरीत, खपलीखाली खडू. मास्तर पेढा पुढे करत होते, तबक पाहून त्यांनी पुडा मिटला.

मी म्हटलं, "डॉक्टर, आता वयनी."

परब म्हणाले, हो हो, आता तिचंही होऊ दे, आता काय. जसा काही सभेत दुसऱ्या वक्त्याला वेळ दिला. ती उठली, पदर काढून कमरेला खोचला, खुर्चीत बसली. परब बाकावर तिच्या जागेवर बसले, त्यामुळे पहिल्यांदाच ते समोर आणि ती उजेडात. तिनं आ केला. डॉक्टर एकेक काढत गेले आणि मी धूत गेले. तबक भरत चाललं. परबांच्या तबकात मूठभर होते, हिच्या तबकाला तळ दिसेना. मुळं अशी झिजलेली, काळवंडलेली की एखाद्याला ते दात आहेत हे सांगावं लागलं असतं. कशावर एवढासा धागा नव्हता.

परब उठून तबकापाशी आले. मग बायकोला म्हणाले, "एवढे? मग तू जेवत कशी होतीस?"

तिनं चूळ भरली, तस्तात टाकली, माझ्या हातातला रुमाल घेऊन तोंड पुसलं. आवाजात राग नव्हता. "मी कधी जेवतंय, ता तुमका खंय ठाऊक."

खरंच होतं. आमच्यात बायका मागून जेवतात. आधी पुरुष, मग पोरं, मग चूल झाकून, कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून जे उरलं ते. ताटात कढी ओतून भात कालवून पाणी करून ती गिळत होती, आणि घरात एकाही माणसानं तिला घास चावताना कधी पाहिलंच नव्हतं. मग न चावताना कसं बघणार?

ज्या माणसाचा आवाज गिरणीच्या फाटकापर्यंत जायचा तो परत बाकाच्या टोकाला, तिच्या जागेवर जाऊन बसला.

पुढे सदा मेस्त्रीनं दोघांच्या कवळ्या केल्या. परबांची छान बसली. ती लावून ते भाषणं करायचे, नळाच्या पाण्यावर, घरभाड्यावर. राज्य मिळालं तरी विषय संपले नव्हते. वयनीची वरची कशीबशी बसली. खालची नाही. सदानं पुन्हा पुन्हा मेण चावायला दिलं, पुन्हा पुन्हा ठसा घेतला. पण हाडाचा बांध उरलाच नव्हता, जबडा सपाट झाला होता, कवळी जिभेबरोबर फिरायची. शेवटी तिनं ती डब्यात ठेवून दिली, लग्नाकार्याला तेवढी लावायची, आणि लावून गप्प बसायची.

एकदा मला भाजी बाजारात भेटली. मी विचारलं, कसं चाललंय. म्हणाली, आता हे मला बरोबर जेवायला बसवतात. समोर पाट मांडतात आणि माझ्या ताटाकडे बघत राहतात, घास गेला का, घास गेला का. मला म्हणाली, अगो लक्ष्मी, कुणी असं बघायला लागलं की उतरतच नाही गो. आणि हसली, पदर न लावता. तिथे काही नव्हतं. पण हसली.

डॉक्टर गेले, दवाखाना गेला, त्या जागेवर आता मोबाईलचं दुकान आहे. ती बाटली माझ्याकडे आहे. तरुणाचा तो दात अजून तसाच पिवळसर पांढरा, धागे वाळून मुळाला चिकटलेत. शेजारचा काळा.

हा अंक ज्यांच्या हातात पडेल त्यांच्याकडे एक मागणं आहे. आज जेवताना घरातल्या बाईला, आई असो, सासू असो, बायको असो, तुमच्याबरोबर बसवा. आणि ती कशी चावते ते एकदा बघा. टक लावून नका बघू. नुसतं बघा.